बसऱ्याचा खजूर

आमच्या घरात खजूर यायचा तो महाशिवरात्रीला. आजोबा दिंडोरीच्या बाजारातून कागदाच्या पुडीत बांधून आणायचे आणि ती पुडी थेट काकीच्या हातात द्यायचे. काकी ओट्यावर बसून एकेक खजूर बोटांनी उकलायची, बी काढायची, आत किडा-मुंगी नाही ना ते उजेडाला धरून बघायची. मग आम्हा पोरांच्या तळहातावर दोन-दोन ठेवायची. भगर आणि शेंगदाण्याची आमटी ती सगळ्यांबरोबर खायची, पण खजुराला तिने कधी तोंड लावलं नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "बसऱ्याचा आहे तो." तेवढ्यावर विषय संपायचा. लहानपणी मला वाटायचं, बसरा म्हणजे चांदवडच्या पलीकडचं एखादं गाव असेल आणि तिथल्या लोकांशी आमच्या घराचं बांधावरून भांडण असेल.

काकी म्हणजे माझ्या आजोबांची सख्खी चुलती. आजोबा तिला काकी म्हणत, म्हणून आमची मोठी आई म्हणजे आजी, माझे वडील, गडीमाणसं आणि आम्ही पोरं, सगळेच तिला काकी म्हणायचो. नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. भाकरी थापायला बसली की बांगड्यांचा आवाज सोप्यापर्यंत यायचा. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी तिच्या हातची खावी. थंडीत हुलग्याचे शेंगोळे करायची, तेव्हा सगळ्या वाड्याला लसणाचा वास सुटायचा. अशी ही बाई सवाष्ण होती, पण तिचा नवरा आम्ही कुणीच पाहिला नव्हता. माझ्या वडिलांनीही नाही. तो गेला तेव्हा माझे आजोबाच अंगणात खेळण्याच्या वयाचे होते.

हे काका कसे गेले याच्या आमच्या घरात निदान तीन कथा होत्या. आजोबा सांगत, बैल मेला, सावकाराचं देणं झालं आणि रोख पगार मिळतो म्हणून ते देवळाली कॅम्पात कामाला लागले. मोठी आई सांगे, भावाभावांत कसल्याशा कारणावरून बोलाचाली झाली आणि ते रागाने उठून गेले. गावातल्या एका म्हाताऱ्याची कथा वेगळीच होती : त्यांना म्हणे मुळात जनावरांचा नाद, पलटणीची उंचीपुरी खेचरं पाहिली आणि पाय तिथून निघेना. कदाचित तिन्ही खरं असेल. पलटणीच्या खेचरांवर ते लागले, मुंबईहून बोटीने बसऱ्याला गेले, आणि कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं एक कार्ड घरी आलं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं. त्यात खुशाली होती, गायीला वासरू झालं का ही विचारणा होती आणि उन्हाबद्दल काहीतरी होतं. कार्ड पुढे कुठल्याशा पावसाळ्यात भिजून गेलं, पण गायीची विचारणा काकीला पाठ होती.

त्यानंतर काहीच आलं नाही. ना पत्र, ना तार, ना माणूस.

मानमोडीच्या साथीनंतर, म्हणजे १९१८ नंतर कधीतरी, निफाडकडचा एक माणूस काकीला शोधत आला होता. तो त्याच फौजेतून परतला होता. ओसरीवर बसून बराच वेळ बोलला आणि त्याच्या बोलण्यातलं जे उरलं ते पुढे मोठ्या आईच्या तोंडून आमच्यापर्यंत आलं. "वेढ्यात अडकले होते. खायला काही उरलं नाही. मग खेचरं कापली. ज्यांना खरारा केला, ज्यांच्या शेजारी झोपले, ती. पुष्कळांनी ते खाल्लं नाही, गवत उपटून उकडून खाल्लं. मग तुर्कांनी धरून चालवत नेलं." मोठी आई हे सांगताना 'चालवत' या शब्दावर थांबायची. काकांना त्याने शेवटचं कुठे पाहिलं, हे तो काकीला सांगू शकला नाही, किंवा त्याने सांगितलं नाही. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

मोठेपणी, नोकरी लागल्यावर, नाशिकच्या वाचनालयात मी पहिल्या महायुद्धाचं एक पुस्तक उघडलं तेव्हा 'कुट' हे नाव सापडलं आणि मोठ्या आईचं सांगणं एकदम नकाशावर उतरलं.

कुट-अल-अमारा. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. १९१५ साली इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली बगदाद घ्यायला निघाली. नाव पुण्याचं आणि आत तीन पलटणी मराठ्यांच्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. बगदादच्या अलीकडे त्यांना मोठा मार बसला आणि फौज मागे हटत कुटला आली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने. वेढा फोडायला खालून फौजा चाल करून येत राहिल्या. त्यांत वीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकली. त्यातली काही नदीत पडली.

निफाडच्या त्या माणसाने सांगितलेलं सगळं त्या पुस्तकात होतं. घोडे आणि खेचरं मारून खाल्ली हे होतं. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं, मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी अनेकांची शेवटपर्यंत तयारी होईना, हे होतं. भाजीपाला नाही म्हणून हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत, हेही होतं. आमच्या ओसरीवर एका दमलेल्या माणसाने जे सांगितलं आणि एका न शिकलेल्या बाईने चाळीस वर्षं जपलं, त्यात मोठी चूक मला सापडली नाही.

शरण आले ते सुमारे १३ हजार. त्यात ३ हजारांहून अधिक माणसं लढणारी नव्हतीच : पाणक्ये, स्वैपाकी, डोलीवाले, खेचरं हाकणारे. आमचे काका त्यांच्यातले. टाउनशेंड साहेबांना बोटीने नेलं आणि इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना आधी शमरानच्या तळावर दगडासारखी बिस्किटं दिली. उपाशी पोटी ती खाऊन कित्येक तिथेच मेले. उरलेल्यांना बगदादपर्यंत शंभरेक मैल, मग समारापासून मोसूलवरून रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून पायी हाकललं. अधिकाऱ्यांना आधीच वेगळं काढलेलं, त्यामुळे शिपायांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. बूट विकून भाकरी घेतलेली, म्हणून पाय अनवाणी. मागे पडला तो राहिला. जे पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. गोऱ्या शिपायांपैकी दर तिघांतले जवळपास दोघे परतले नाहीत. हिंदी माणसांची मोजदाद त्याहून ढिली, आणि कित्येकांच्या नावापुढे फक्त 'बेपत्ता'.

आणि कुटची माणसं? ती बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत येतात. वेढ्यात तीही आत अडकलेली, तीही उपाशी. गाव तुर्कांच्या हाती गेलं तेव्हा इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून त्यांतल्या काहींना फाशी दिलं. त्यांच्याही घरी कुणी काकी असेल.

काकीने कुंकू पुसलं नाही. तार आली नाही, मग कशाला पुसायचं, असा तिचा सरळ हिशेब. खरी पंचाईत व्हायची भाद्रपदात. पितृपक्षात आमच्याकडे पानं वाढत : खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, लाल भोपळा. पणजोबांचं पान, पणजीचं पान. भाऊबंदांपैकी कुणीतरी दर वर्षी दबक्या आवाजात म्हणे, काकांचंही एक पान मांडा. पान मांडलं म्हणजे माणूस गेला हे कबूल केलं. काकी वडे तळता तळता नुसती मान हलवायची आणि झारा जोरात आपटायची. विषय तिथेच मिटायचा.

मग कुठल्याशा वर्षी, मी तेव्हा मराठी शाळेत असेन, सर्वपित्री अमावास्येला तिने स्वतःच एक जादा पान मांडलं. त्या दिवशी ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं करतात. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "यांचं नाही. तिकडं ज्यांचं कुणी करायला उरलं नाही, त्यांचं आहे." आजोबा काही बोलले नाहीत. पुढे ती असेपर्यंत दर सर्वपित्रीला ते पान असायचं. नवऱ्यासाठी तिने एकदाही मांडलं नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो, त्याला कारण माझी नात. ती नाशिकला कॉलेजात आहे. युद्धांतल्या अत्याचारांबद्दल तिला जाणून घ्यायचं आहे. हिटलरच्या छळछावण्यांवरचे सिनेमे तिने पाहिलेत, हिरोशिमा तिला ठाऊक आहे. परवा म्हणाली, "आजोबा, जे कुणी सांगत नाही, ज्याच्यावर सिनेमे नाहीत, ते कुठून वाचायला घेऊ? मोबाइलवर बघायला गेलं तर इतके भयंकर फोटो समोर येतात की झोप लागत नाही." मी तिला म्हटलं, फोटो बाजूला ठेव आणि आधी काकीची गोष्ट ऐक. कारण अशा इतिहासात शिरायचा मला ठाऊक असलेला सर्वांत भरवशाचा रस्ता आपल्या ओसरीवरून निघतो. एक माणूस धरायचा, तो गेला त्या वाटेने जायचं, आणि त्या वाटेवर आणखी कोण कोण पडलंय ते पाहत जायचं.

पहिलं काम म्हातारी माणसं. त्यांना सन विचारू नये, सन त्यांना कुठून आठवणार? "मानमोडीच्या आधी की नंतर? रेशन सुरू झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? धरणाखाली जमीन गेली तेव्हा ते होते का?" असं विचारावं, म्हणजे साल आपोआप हाती लागतं. आणि 'काय अत्याचार झाले' असं तर कधीच विचारू नये. त्यांनी काय खाल्लं, कोण परत आलं नाही, त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. मोठ्या आईकडून मला कुट मिळालं ते शेंगोळ्यांच्या बोलण्यातून. हुलगे घोड्यांनाही घालतात, या वाक्यावरून ती खेचरांवर आली होती. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावं. तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलं तर तिन्ही लिहावं.

दुसरं काम सरकारी कागदांचं. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८३ चं आहे आणि आज ते घरबसल्या वाचता येतं. त्यात आपल्या शेजारच्या पेठ संस्थानच्या भगवंतराव राजांना १८५७ च्या उठावात फाशी दिल्याची हकिगत आहे. लिहिणारा साहेब आहे, तेव्हा उठाव करणारे त्याच्या लेखी दंगेखोर. म्हणून ते वाचताना ओळीच्या पलीकडे उभ्या असलेल्या कोळी आणि भिल्ल माणसांकडे लक्ष ठेवायचं. असंच दुसरं उदाहरण थाळनेरचं, खानदेशात तापीकाठी. फेब्रुवारी १८१८ मध्ये तिथला किल्ला इंग्रजांनी घेतला. दरवाज्यात बोलणी चालू असताना चकमक होऊन इंग्रज अधिकारी मेले, तेव्हा सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेने आतली जवळपास सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापून काढली आणि त्याच दिवशी किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये विजयाबद्दल आभार मानताना ही फाशी त्यातून मुद्दाम वगळावी लागली. जिंकणाऱ्यांच्याच सभेत त्यांच्या सेनापतीला प्रश्न विचारला गेला, त्याचे कागद राहिले. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र थाळनेर मला कधी भेटलं नाही.

कुटच्या बाबतीतही असंच. इंग्रज सरकारने १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल छापला. जखमी शिपायांचे कसे हाल झाले ते त्यात इतकं स्पष्ट होतं की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तुर्कस्तानातल्या कैद्यांच्या हालांवरचा दुसरा अहवाल १९१८ चा. असे अहवाल कोरडे असतात, पण नवख्याला ते सोसतात. त्यात तारीख असते, ठिकाण असतं, आणि कुणी कुणाला काय सांगितलं हे असतं. आधी असा कागद वाचावा, फोटो मागाहून पाहावेत. मग फोटोतल्या माणसाकडे नुसतं भयाने पाहिलं जात नाही, तो कोण आणि कुठला हे विचारावंसं वाटतं.

तिसरं, स्मारकं. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं एकेक करून कोरलेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरलेली. पण साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. पलटणीचं नाव, आणि खाली 'इतर इतके हिंदी शिपाई' असा आकडा. युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने स्वतःच समिती नेमली आणि २०२१ साली कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी मृतांना अशी असमान वागणूक मिळाली आणि तिच्या मुळाशी वंशभेद होता. अशा तऱ्हेने कमी लेखले गेलेले ४५ ते ५४ हजार, आणि ज्यांचं नावानिशी स्मरण झालंच नाही असे निदान १ लाख १६ हजार. या आयोगाची यादी आज कुणालाही मोबाइलवर शोधता येते. पलटणीच्या नावाने शोधलं की गावांची, बापांची नावं समोर यायला लागतात. पुण्याला खडकीच्या युद्धस्मारकावरही जाऊन उभं राहता येतं. आपल्याकडे घाटावरच्या किती गावांत चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके महायुद्धावर गेले, इतके मेले. त्या 'इतके' शब्दामागे कोण, हे शोधणं म्हणजेच सुरुवात.

आमच्या काकांचा अजून पत्ता लागलेला नाही. पण त्यांना शोधता शोधता मला जे मिळालं ते एका बंगाली बाईंकडून.

ओझरच्या विमान कारखान्यामुळे आमच्या या पट्ट्यात हिंदुस्थानच्या सगळ्या प्रांतांतली माणसं राहायला आली. त्यांतल्या एक बाई पुस्तकवेड्या होत्या. मी कुटचं नाव काढलं तशा उठल्या आणि शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या 'अभी ले बगदाद' या पुस्तकाबद्दल सांगू लागल्या. सर्वाधिकारी बंगाली रुग्णसेवा पथकातले साधे सैनिक, कुटला पकडले गेलेले. कैदेत त्यांनी डायरी लिहिली, ती फाडून पानं बुटांत लपवली आणि पुढे पुन्हा लिहून काढली. पुस्तक निघालं १९५७ मध्ये. दुसरं पुस्तक 'कल्याण प्रदीप'. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे फौजेतले डॉक्टर, कुटचेच कैदी. १९१७ मध्ये रास-अल-ऐनला वारले. त्यांची पत्रं गोळा करून त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, १९२८ साली नातवाचं चरित्र छापलं. आजीने! बाई हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची मोठी आई होती. तिला लिहिता आलं असतं तर तिनेही लिहिलं असतं.

त्याच पुस्तकांमुळे मला कळलं की रास-अल-ऐन हे काही एकट्या आपल्या माणसांच्या दुःखाचं गाव नव्हे. त्याच काळात, त्याच ठिकाणी, तुर्की राजवटीने घरादारांतून हुसकून काढलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या होत्या. बायका, मुलं, म्हातारे, वाळवंटातून चालवत आणलेले. १९१६ मध्ये तिथे त्यांच्यातल्या हजारोंची कत्तल झाली. आपले कैदी जिथे रुळांखाली खडी टाकत होते, तिथेच हे घडलं होतं. सर्वाधिकारींनी जे पाहिलं ते लिहिलं. ज्या तुर्कांनी माणुसकी दाखवली तेही लिहिलं. आपल्यावर अन्याय चालू असताना शेजारच्याच्या अन्यायाची नोंद ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो. काकीने मांडलेलं ते जादा पान कुणासाठी होतं, हे मला त्या पुस्तकाने समजावलं. तिला आर्मेनिया हा शब्दही ठाऊक नव्हता. पण निफाडचा तो माणूस तिच्याजवळ काहीतरी बोलून गेला असणार, असं मला हल्ली वाटतं.

त्याच बंगाली बाईंनी मला एक अवघड गोष्टही सांगितली. निघताना म्हणाल्या, "आमच्याकडे पोरं झोपावीत म्हणून गाणं म्हणतात, त्यात वर्गी येतात. वर्गी म्हणजे तुमचे मराठे." बारगीर, त्याचं बंगालीत वर्गी झालं. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर जात राहिल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या काळातच त्यावर काव्य लिहिलं, नाव 'महाराष्ट्र पुराण'. जाळलेली गावं, पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यात आहे. या फौजांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना पुढे बंगालचा नवाब अलिवर्दी खानाने भेटीला बोलावून दग्याने मारलं, ते आपल्याकडे लोकांना ठाऊक असतं. त्याच्या आधीचं ठाऊक नसतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण काकीसाठी ज्याला रडू येतं त्याला बंगालमधल्या त्या आईसाठीही यायला हवं, नाहीतर रडण्याला अर्थ काय राहिला? आणि हेही लक्षात ठेवायला हवं की १९२० मध्ये इराकच्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडायला पाठवलेल्या फौजेत पुष्कळ शिपाई हिंदीच होते.

आता आपल्या दिंडोरीचंच घ्या. १६७० साली सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी उघड्या मैदानात लढाई जिंकली, ते आपण छाती पुढे काढून सांगतो, आणि सांगावंच. रामशेजचा किल्ला मोगलांशी पाच-सहा वर्षं लढला, त्याचे पोवाडे करावेत तेवढे थोडे. मी नातीला घेऊन रामशेजवर गेलो तेव्हा तिला टाक्यातलं पाणी दाखवलं, मग कड्याजवळ उभं करून खालची शिवारं दाखवली. म्हटलं, गडावरचे कसे लढले ते पुस्तकांत सापडेल. खाली आशेवाडीत, आसपासच्या वस्त्यांवर, मोगलांची एवढी मोठी छावणी वर्षानुवर्षं पडलेली. त्यांच्या घोड्यांना वैरण कुणाच्या शेतातून गेली? गावची बैलं कुणी ओढून नेली? लेकीसुना कुठल्या रानात लपल्या? ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग तिने वहीत प्रश्न लिहून घेतले. उत्तरं तिची तिला शोधू देत.

तिला मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. एका वेळी एकच घटना घ्यावी. आज कुट, उद्या नानकिंग, परवा बंगालचा दुष्काळ असं केलं की मन बोथट होतं आणि माणसं आकडे होतात. निदान दोन बाजूंचं वाचावं, आणि शक्य तर तिसऱ्याही, म्हणजे ज्यांच्या गावात लढाई झाली त्यांचं. आकडा मिळाला की तो कुणी मोजला हे विचारावं. रात्री झोपण्यापूर्वी असलं वाचू नये, दिवसा वाचावं आणि वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलावं. आणि वाचून कुणाचा द्वेष वाटायला लागला तर थांबावं. काकीने तुर्कांना शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत. ती लढाईला द्यायची, आणि त्या देताना मात्र हात राखून ठेवायची नाही.

काकी गेली तेव्हा मी हायस्कुलात होतो. सवाष्ण म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. कुणी हरकत घेतली नाही, भाऊबंदांनीही नाही. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मोठ्या आईने न विचारता ते जादा पान मांडलं. तिच्यानंतर माझ्या आईने मांडलं. आता आमच्या घरी माझी सून मांडते.

यंदा नातीने विचारलं, हे पान कुणाचं हे मी लिहून ठेवू का? मी म्हटलं, लिही. काकांचं नाव, गाव, काम लिही. सोबत कुटला फाशी गेलेल्यांबद्दल लिही, रास-अल-ऐनच्या बायका-मुलांबद्दल लिही, बंगालबद्दल लिही. जिथे ऐकीव आहे तिथे ऐकीव असं लिही, जिथे कागद आहे तिथे कागदाचं नाव घाल. तुमच्याही घरी असं एखादं नाव असेल : ब्रह्मदेशातून चालत निघालेला मामा, सिंगापूरला धरला गेलेला चुलता, नाहीतर बोटीवरून न उतरलेला कुणी. ते ज्यांना आठवतं ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. पुस्तकं थांबतील, ती थांबणार नाहीत. या आठवड्यात त्यांच्याकडे जा, वही घेऊन जा, आणि जेवायला थांबा.